पालथी परात

नळ उघडा होता आणि त्याखाली परात पालथी घातलेली होती, म्हणजे आज पाणी येणार होतं. किती वाजता, ते कुणालाच माहीत नव्हतं. परातीवर पहिली धार वाजली की घरातला माणूस असेल तिथून उठायचा. या घरात न भांडता पाळला जाणारा हा एकच नियम होता. बाकी सगळ्यासाठी बैठक बसायची.

आजही बसली होती. अप्पा आणि अव्वा, म्हणजे गुरुलिंग आणि अक्कम्मा, दुपारच्या गाडीनं तळेगावहून परतले होते. धाकट्या गुरुराजला तिकडच्या कारखान्यात लागून वर्ष होत आलं होतं. इतके दिवस तो मित्रांबरोबर एका खोलीत राहत होता. आता त्यानं डोंगराच्या अंगाला एका नव्या इमारतीत फ्लॅट भाड्यानं बघितला होता आणि बायको-मुलीला घेऊन जायचं म्हणत होता. मालकानं चार दिवस राहून बघायला किल्ली दिली होती. उद्या हो किंवा नाही सांगायचं होतं.

मुलगी द्यायची तर आधी घरच्यांनी स्थळ बघून यायचं असतं. अप्पांच्या मते गावाचंही तसंच. म्हणून ते दोघं तळेगाव बघायला गेले होते, सोबत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दुकानाची उरलेली कॅलेंडरं घेऊन.

"जुलैत कॅलेंडर कुणाला देणार, अप्पा?" थोरल्या कल्लप्पानं निघताना विचारलं होतं.

"अर्धं वर्ष उरलंय की," अप्पा म्हणाले होते.

वैरागहून अप्पांची थोरली बहीण, बजाआत्या, मुद्दाम आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण ती येणार हे धरूनच सकाळी जास्त पीठ मळलं होतं. ती भिंतीला टेकून, पाय पसरून बसली. कल्लप्पा दुकान लवकर बंद करून आला. त्याची बायको सिद्धेश्वरी चहा घेऊन आली आणि तिथंच बसली. शिवलीला, जिच्या जाण्या-न जाण्याची ही बैठक होती, ती उंबऱ्याशी बसली होती. मांडीवर शांभवी झोपलेली. शिवलीलाचा हात तिच्या पाठीवर. अडीच वर्षांच्या त्या पोरीला पाठीवरच्या हाताची इतकी सवय झाली होती, की हात काढला की ती झोपेतही वळायची.

"कुणी आधी सांगायचं?" कल्लप्पानं विचारलं.

"मी," अव्वा म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं आणि गाठ सोडली. आत भाकरी होती.

"उचला," त्या बजाआत्याला म्हणाल्या.

बजाआत्यानं कडेला धरून भाकरी उचलली. भाकरी मधून वाकली आणि ओल्या कपड्यासारखी लोंबली.

"आगं बया. ही कडक हाय?"

"इथून नेली तेव्हा कडक होती. बोट मारलं तर वाजत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अशी."

भाकरी हातोहात फिरली. कल्लप्पानं ती दोन्ही टोकं जुळवून दुमडली आणि उलगडली. ती तुटली नाही. सोलापुरात कडक भाकरी महिनाभर डब्यात राहते, प्रवासाला जाते, पार परदेशात राहणाऱ्या भाच्यापर्यंत पोचते आणि तिथंही मोडताना आवाज करते. ती दुमडता येते हे या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

अव्वा समाधानानं बघत राहिल्या. चार दिवस ही भाकरी त्यांनी खाल्ली नव्हती, पुराव्यासाठी राखली होती. रेल्वेत अप्पांनी मागितली तरी दिली नाही.

"मिठाला पाणी सुटतं," त्या म्हणाल्या. "कपडे वाळत नाहीत, नुसते गार होतात. उशा ओल्या. खिडकी उघडली की ढग आत येतो. खरंच येतो, आत्या. मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि बघते तर फोडणीचा धूर बाहेर जायच्या ऐवजी बाहेरचा धूर आत."

"धुकं होतं ते," अप्पा म्हणाले.

"जे काय असेल ते. विचारल्याशिवाय आत येत होतं."

"आन् पोरगी तितं न्यायची म्हंता?" बजाआत्यानं भाकरी खाली ठेवली. "भाकर जितं नरम पडती, तितं लेकराची छाती काय टिकल?"

शिवलीलानं शांभवीच्या पाठीवरचा हात किंचित दाबला. श्वास हाताला लागला. पुढचाही लागला.

सिद्धेश्वरी मात्र हसली. "अव्वा, तिथं माणसं राहतातच की. त्यांची काय भाकरी नसते?"

"त्यांची पोळी असते," अव्वा म्हणाल्या.

सिद्धेश्वरीला शिवलीला जायला हवी होती, आणि का ते सगळ्यांना ठाऊक होतं. वरची खोली. तिचा आतिष यंदा दहावीला होता आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून, कुकरच्या शिट्ट्या ऐकत, भूमिती करत होता. सिद्धेश्वरीनं खोलीचं नाव कधी काढलं नाही. फक्त गेल्या पंधरवड्यात ती दोनदा वर जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा म्हणाली होती, उजेड बरा येतो हं इथं.

कल्लप्पाला शिवलीला जायला नको होती. ती गेली की गुरुराज सणालाच यायचा, मग एखाद्या सणालाही नाही, आणि मग एक दिवस दुकानाचा विषय निघायचा. हे तो बायकोला बोलला नव्हता. त्यामुळं नवरा-बायको एकाच पाटावर बसून दोन बाजूंना होते.

"अप्पा, तुम्ही सांगा," कल्लप्पा म्हणाला. "गाव कसंय?"

अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. ते सावकाश बोलत. दुकानात गिऱ्हाईक ज्वारीचा भाव विचारी, तेव्हाही ते आधी पावसाचं सांगत.

"गाव वाईट नाही," ते म्हणाले. "गाव अजून व्हायचंय. जुनं गाव आहे, तळं आहे, देवळं आहेत, ते सगळं एका बाजूला. आपला गुरुराज राहणार ते नवं. तिथं मी सकाळी एक इमारत बघून गेलो, संध्याकाळी परतताना ओळखली नाही. मजला चढला होता. रिक्षावाला गल्ली विचारत नाही, बिल्डरचं नाव विचारतो. इमारतींना नावं डोंगराची. डोंगर दिसू नये म्हणून मधे इमारत, आणि तिचं नाव डोंगर."

"डोंगुर कसा हाय?" बजाआत्यानं विचारलं.

"बरा आहे. हिरवा. आपल्या अंगावर येत नाही. सकाळी असतो, दहा वाजता नसतो, मग परत असतो."

"म्हंजी भरवशाचा न्हाय."

"शेजार?" कल्लप्पानं विचारलं. स्थळ बघताना जे विचारतात तेच तो क्रमानं विचारत होता.

"शेजार सगळ्या जिल्ह्यांचा. जळगावचे आहेत, लातूरचे आहेत, बिहारचे, केरळचे. बागेत बाकं आहेत. बाकांवर म्हातारी माणसं. मी म्हटलं चला, गावची जुनी माणसं भेटली, विचारू. तर एकही गावचा नाही. सगळे माझ्यासारखेच, मुलाकडं आलेले. नातवंडं सांभाळायला. मी एकाला विचारलं, किती दिवस झाले? तो म्हणाला, तीन वर्षं. म्हटलं, मग इथलेच की तुम्ही. तर म्हणाला, नाही नाही, येत्या दिवाळीला परत जाणार."

बजाआत्यानं पसरलेले पाय जवळ घेतले. तिचा मुलगा पुण्याला होता. त्याच्या सोसायटीतल्या बाकावर ती दोन हिवाळे बसून आली होती. तिसऱ्या हिवाळ्यात सुनेनं पाळणाघर शोधलं. वैरागला परतल्यावर तिनं गावात सांगितलं होतं, तिकडचं पाणी मानवत न्हाय.

"वाईट न्हाय बाक तसं," ती म्हणाली. "टेकायला आसतंय."

अप्पांनी मान हलवली आणि शिवलीलाकडं बघायचं टाळलं. सगळ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊन झाली होती. एक प्रश्न राहिला होता, आणि तो इथं कुणालाच माहीत नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी ते गादीवर बसून हिशेबाची पेन्सिल तासत होते, तेव्हा शिवलीला दुकानात आली. सून दुकानात येत नसे. तिनं शांभवीला कडेवर घेतलं होतं.

"अप्पा, एक बघून याल?"

"सांग की."

"फ्लॅटच्या बाहेर उभं राहून हाक मारली, तर कोण येतं, ते बघून या."

त्यांनी कशासाठी असं विचारलं नाही. गेल्या मार्गशीर्षात शांभवीला तापात आकडी आली होती. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, ओठ निळे. शिवलीला वरच्या खोलीत एकटी होती. तिनं हाक मारली, ती कुणाला मारली हे तिलाही आठवत नाही, आणि एका क्षणात खोली भरली. अव्वांनी पोरीला कुशीवर वळवलं. सिद्धेश्वरीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. कल्लप्पानं गाडी काढली. शेजारचे मल्लप्पा बनियनवर धावत आले आणि तसेच दवाखान्यापर्यंत आले. डॉक्टर म्हणाले, तापाची आकडी आहे, घाबरायचं कारण नाही, पण पुन्हा ताप आला तर येऊ शकते. 'घाबरायचं कारण नाही' हे शिवलीलानं ऐकलं. 'पुन्हा येऊ शकते' हे ती अजून ऐकत होती. तिनं एम.एस्सी. केलं होतं, तापाच्या आकडीवर जितकं वाचता येईल तितकं वाचलं होतं. सगळीकडं लिहिलेलं होतं की मूल एकटं सोडू नये. आई एकटी असेल तर काय, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

गुरुराजची आठवड्याआड रात्रपाळी असे.

"अजून एक आहे," अप्पा आता बैठकीत म्हणाले.

शिवलीलाला वाटलं, सांगू नये. सगळ्यांसमोर नको. मग वाटलं, सांगावं.

"मी हाक मारून बघितली."

"म्हंजी?" बजाआत्या.

"परवा दुपारी हिला झोप लागली होती. मी दार ओढून घेतलं, जिन्यात उभा राहिलो आणि हाक मारली. शिवलीलानं सांगितलं होतं, बघून या म्हणून."

अव्वांनी नवऱ्याकडं पाहिलं. चार दिवस ते एकत्र होते आणि हे त्यांना आत्ता कळत होतं. "काय म्हणून हाक मारली?"

"'कोण आहे का' म्हणून. आधी साधी. मग मोठ्यानं."

"आणि?"

"दारं बंद. एका दाराच्या आतून टीव्हीचा आवाज येत होता तो बारीक झाला. मग परत मोठा झाला. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा खालून वॉचमन आला. म्हणाला, काका, सोसायटीत ओरडायचं नाही, काय असेल तर इंटरकॉमवर सांगायचं. मी त्याला कॅलेंडर दिलं."

कुणी हसलं नाही.

"कोणी आलं नाही, बाळ," अप्पा म्हणाले. हे ते शिवलीलाला म्हणाले. बैठकीत ते कुणाला बाळ म्हणत नसत.

शिवलीलानं मान हलवली. तिला रडू आलं नाही, उलट बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचंच वाईट वाटलं. ती जाणार नाही. गुरुराज व्हिडिओ कॉलवर शांभवीला 'पप्पा कुठंय' विचारेल आणि शांभवी मोबाइलला हात लावून 'हितं' म्हणेल. तसंच चालेल.

"मग नको," सिद्धेश्वरी म्हणाली.

कल्लप्पानं बायकोकडं वळून पाहिलं.

"काय बघताय? नको म्हटलं. हाकेला कुणी येत नसेल तर कशाला पाठवायचं?" तिनं चहाचे कप गोळा करायला घेतले, जरा जास्तच आवाज करत. त्या दिवशीचा, मांडीवरच्या डोक्याचा ताठपणा तिला अजून आठवायचा. गहू निवडताना, मधेच. "आतिष काय, पायरीवर पण पास होतोय."

खोलीचं नाव या घरात पहिल्यांदा निघालं ते असं, आणि लगेच मिटलं.

"झालं मग," अव्वा म्हणाल्या. त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्या भाकरी पुन्हा फडक्यात बांधू लागल्या. "गुरुराजला सांगा, किल्ली देऊन टाक. पोरगी इथं राहील. तो येऊन-जाऊन करील. किती लोक करतात."

तेव्हा दुकानाचा मोबाइल वाजला.

तो कल्लप्पाच्या खिशात असे. नंबर अनोळखी होता. कल्लप्पानं गिऱ्हाईक समजून स्पीकरवर टाकला, कारण गिऱ्हाईक बोलत असताना तो हातानं दुसरं काम करत असे.

"हॅलो, कल्लप्पा भुसार दुकान का जी?" बाईचा आवाज होता. मागं पाण्याचा आवाज येत होता. "मी तळेगावहून बोलते. तुमचे कुणी इथं सहाव्या मजल्यावर राहतात का?"

"हो. भाऊ आहे माझा. काय झालं?"

"घाबरू नका, काय नाही झालं. पाणी झालं. मी खालच्या फ्लॅटमधली, कौसर. माझ्या किचनच्या छतातून पाणी गळायला लागलं, म्हणून वर गेले, तर दाराखालून ओढा वाहतोय. दार बंद. तुमच्या भावाचा फोन लागत नाही."

"तो कामावर आत मोबाइल नेत नाही," कल्लप्पा उभा राहिला. "पाणी कसं काय? पाइप फुटला का?"

"पाइप कशाला फुटतोय. नळ उघडा राहिलाय. आज सकाळपासून टाकी धुत होते, पाणी बंद होतं. दुपारी सोडलं." ती थांबली. "एक विचारू? राग मानू नका. वर कोण सोलापूरचं पाहुणं आलं होतं का?"

सगळ्यांच्या माना हळूहळू अव्वांकडं वळल्या. आणि मग, कुणी न सांगता, दारातून दिसणाऱ्या नळाकडं. नळ उघडा होता. परात पालथी होती.

सकाळी सहाला अव्वांनी तळेगावचा नळ सोडला तेव्हा त्यातून नुसती हवा आली होती. लिफ्टमध्ये टाकी धुण्याची सूचना लावलेली होती, पण अव्वा लिफ्टवर विश्वास ठेवत नसत, जिन्यानंच चढत-उतरत. आंघोळीची अडचण आली नाही. आल्या दिवसापासून त्यांनी बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवला होता. त्यांनी फक्त नळ उघडा ठेवला आणि त्याखाली ताट पालथं घातलं, पाणी आलं की वाजावं म्हणून. चाळीस वर्षं त्यांचा हात हे आपोआप करत आला होता. मग गुरुराज रिक्षा घेऊन आला. ताट सिंकमध्ये, बरोबर भोकावर बसलं होतं.

"मीच," अव्वा म्हणाल्या. फोनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मी होते पाहुणी."

"वाटलंच मला," फोनमधून कौसर म्हणाली, आणि तिच्या आवाजात एकदम ओळख आली. "अहो अम्मा, मी पण अक्कलकोटची. सासर मोडनिंब. इथं आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी हेच केलं. खालच्या जळगावच्या काकूंच्या टीव्हीवर पाणी. तेव्हापासून आमच्या घरात कुणी नळ उघडा ठेवला की आमचे हे म्हणतात, सोलापूर आलं. छत गळायला लागलं तसं मी यांना म्हटलं, वर आपल्याकडचं माणूस आलंय."

"तुमचं लई नुकसान झालं का?" अव्वांनी विचारलं.

"कसलं नुकसान. एक डबा पोहे भिजले. आज रात्री पोहेच. वॉचमनला गच्चीवर पाठवून तुमचा व्हॉल्व बंद केला. त्याच्याच केबिनमध्ये तुमचं कॅलेंडर लटकलंय, म्हणून नंबर मिळाला. तुमचा मुलगा आला की फरशी पुसायला मी आणि सना येऊ. सना म्हणजे माझी पोरगी, चार वर्षांची. तिचा काय उपयोग नाही, पण तिला पाण्यात जायचंय."

शिवलीला उठली. शांभवीला खांद्यावर घेऊन ती फोनजवळ आली आणि कल्लप्पाच्या हातातला फोन तिनं घेतला. थोरल्या दिरांच्या हातातून तिनं याआधी कधी काही घेतलं नव्हतं.

"ताई, मी त्यांची मिसेस बोलते. एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"परवा दुपारी जिन्यात कुणी हाक मारली होती. तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

"या अल्ला, ते तुमचे होते? आलं की. 'कोण आहे का, कोण आहे का' असं. मी नमाजला बसले होते हो. मधून उठता येत नाही. शेवटचा सलाम फिरवला आणि तशीच धावत जिन्यात आले, तर कुणी नाही. वर-खाली दारं वाजवली, तुमचं पण. कुणी उघडलं नाही."

अव्वा झोपेत होत्या. अप्पा खाली वॉचमनला कॅलेंडरवरच्या तिथ्या समजावत होते.

अप्पांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसला. "थोडं थांबायला पाहिजे होतं मी," ते म्हणाले.

"कोण आजारी होतं का?" कौसरनं विचारलं. "दिवसभर माझ्या डोक्यात तेच राहिलं."

"नाही," शिवलीला म्हणाली. मग थांबून म्हणाली, "अजून नाही. मुलीला तापात आकडी येते. एकदा आलीय. मी एकटी असेन म्हणून बघायला सांगितलं होतं."

फोनवर क्षणभर फक्त फडकं पिळल्याचा आवाज आला.

"मग असं करा," कौसर म्हणाली. "हाक मारू नका. इथं हाक कुठल्या मजल्यावरची ते कळत नाही. फरशीवर काहीतरी आपटा. वरवंटा, तवा, काही पण. माझ्या डोक्यावर वाजेल. नमाजला असले तर जरा वेळ लागेल. पण येईन."

शिवलीलानं डोळे मिटून उघडले. शांभवीच्या पाठीवरचा तिचा हात खाली आला होता, हे तिला कळलं नाही. शांभवी वळली नाही.

शिवलीलानं फोन कल्लप्पाला परत दिला. अव्वा अजून मांडीवर भाकरीची पुरचुंडी घेऊन बसल्या होत्या. आपण एका परक्या बाईचे पोहे भिजवले आणि तिनं आपल्याला अम्मा म्हटलं, हे दोन्ही कुठं ठेवावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी पुरचुंडी बाजूला सरकवली.

"शिवलीला."

"हं, अव्वा."

"जाताना तिच्यासाठी शेंगाची चटणी ने. चटणी तिथं काय नरम पडत नाही. आणि पोहे. चांगले जाड."

"ए अक्कम्मा," बजाआत्या म्हणाली, "आत्ता तर नको म्हनत हुतीस."

"होगली बिडा, जाऊ द्या ते, आत्या. तेव्हा शेजार माहीत नव्हता." अव्वांनी पदर सारखा केला. "आणि तो जुना वरवंटा ने. जड आहे."

सिद्धेश्वरीनं कप खाली ठेवले. एकदा बोलून दिलेलं परत कसं घ्यावं, याचा तिला क्षणभर प्रश्न पडला होता. शिवलीला तिच्याकडं बघून म्हणाली, "ताई, वर खिडकीशी टेबल लावा. उजवीकडून उजेड येतो. आतिष डावखुरा आहे ना."

सिद्धेश्वरीनं नुसती मान हलवली.

कल्लप्पानं फोन खिशात घातला, परत काढला आणि आलेला नंबर 'कौसर, गुरुराज खालचा मजला' असा साठवला. मग अप्पांना विचारलं, "कॅलेंडरं अजून किती उरलीत?"

बाहेर परात वाजली.

आधी एक थेंब, मग तीन, मग सळसळत धार. अप्पा उठले. बजाआत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली. सिद्धेश्वरी ओचा खोचत पिंपाकडं धावली, कल्लप्पानं पाइप ओढला, आतिष भूमितीतून उठला, आणि घरातलं प्रत्येक भांडं हलू लागलं. शिवलीला झोपलेल्या पोरीला घेऊन जागेवरच उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून पाणी आल्यावर ती पहिल्यांदाच उठून धावली नव्हती, आणि कुणी तिला हाक मारली नाही.

पिंपं भरली, टाकी भरली, पातेली भरली. मग धार बारीक होत गेली आणि थांबली. अव्वांनी परात उचलली, पुसली आणि सवयीनं पुन्हा नळाखाली पालथी घातली. दोन पावलं आल्या, थांबल्या, मागं गेल्या.

त्यांनी नळ घट्ट बंद केला, आणि शिवलीलाकडं बघून म्हणाल्या, "असा. बघून ठेव."